असेल्याच्या पराचा तुकडा: हिमालयातल्या नदीमाशाची जनुकीय पाहणी, नदीपासून निष्कर्षापर्यंत

असेल्याला ‘स्नो ट्राउट’ म्हणतात आणि गोंधळाला तिथूनच सुरुवात होते. ट्राउट हा सॅल्मनच्या कुळातला मासा. हिमालयात तो आहे, पण इंग्रजांनी १९००च्या आसपास काश्मीरमध्ये आणून सोडलेला. असेला, म्हणजे शायझोथोरॅक्स रिचर्डसोनी, हा मूळचा तिथलाच आणि कुळाने आपल्या रोहू-कटल्याच्या, महासीरच्या नात्यातला. थंड, खळाळत्या पाण्यात खालच्या ओठाने दगडाला धरून तो शेवाळ खरवडतो. त्याच्या गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना मोठ्या खवल्यांची झालर असते, त्यामुळे पोट चिरल्यासारखं दिसतं. शास्त्रीय नावातल्या ‘शायझो’चा अर्थ तोच, चिरलेला. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत तो ‘असुरक्षित’ गटात आहे.

महाराष्ट्रातून प्राणिशास्त्र किंवा मत्स्यविज्ञान शिकून उत्तराखंड-हिमाचलात कामाला जाणाऱ्या मुलामुलींची संख्या वाढते आहे. त्यांच्याशी बोलताना जे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, ते एकदा सविस्तर लिहून ठेवावं म्हणून हा लेख. विषय आहे पॉप्युलेशन जेनेटिक्स: एकाच प्रजातीचे मासे वेगवेगळ्या नद्यांत, उपनद्यांत, धरणाच्या वर आणि खाली जनुकीयदृष्ट्या किती वेगळे झाले आहेत, आणि का. यातलं निम्मंअधिक काम पहिली नळी उघडण्याआधीच घडतं किंवा बिघडतं. चुकीच्या ठिकाणाहून आणलेला नमुना कितीही महागड्या यंत्रात घातला तरी सुधारत नाही. म्हणून या लेखात नदीचा भाग मोठा आहे आणि संगणकाचा तुलनेने छोटा.

आधी प्रश्न, मग बाटल्या

‘असेल्याची जनुकीय विविधता अभ्यासणे’ हा प्रश्न नाही, ते शीर्षक आहे. प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ येऊ शकेल आणि त्या उत्तरावर कुणीतरी काहीतरी करेल. उदाहरणार्थ: मंदाकिनीतला असेला आणि पिंडरमधला असेला आपसात मिसळतात का? अलकनंदेच्या हॅचरीतली (मत्स्यबीज केंद्रातली) पिल्लं सरयूत सोडली तर चालेल का? सिंधू खोऱ्यातला असेला आणि गंगा खोऱ्यातला असेला यांना एकच समजणं योग्य आहे का?

या तीन प्रश्नांना तीन वेगळे आराखडे लागतात. पहिल्याला एकाच खोऱ्यातली जवळजवळची पुष्कळ ठिकाणं हवीत. दुसऱ्याला हॅचरीतले प्रजनक मासे आणि दोन्ही नद्यांतले जंगली मासे हवेत. तिसऱ्याला ठिकाणं कमी चालतील, पण ती दूरदूरची आणि प्रत्येक खोऱ्यात एकाहून जास्त हवीत. प्रत्येक खोऱ्यातून एकच नदी घेतली तर दिसलेला फरक खोऱ्यांमधला की निव्वळ त्या दोन नद्यांमधला, हे कधीच सांगता येणार नाही. ही चूक फार सर्रास होते.

नकाशावर पाणी वाचा

महाबळेश्वरला गेलेल्या माणसाला हा मुद्दा समजवावा लागत नाही. कृष्णा आणि सावित्री एकाच डोंगरमाथ्यावरून निघतात. एक बंगालच्या उपसागराला जाते, दुसरी अरबी समुद्राला. उगमाशी हाकेच्या अंतरावर असलेले दोन ओढे माशाच्या दृष्टीने मात्र दोन जगं असतात.

हिमाचलात हेच घडतं. रोहडूजवळून वाहणारी पब्बर टोन्सला मिळते, टोन्स यमुनेला, यमुना गंगेला. तिच्या शेजारच्याच खोऱ्यात रामपूरहून वाहणारी सतलज सिंधूकडे जाते. मधे फक्त एक डोंगररांग आहे, पण पब्बरचा मासा पोहत सतलजला पोहोचू शकत नाही. म्हणून दोन ठिकाणांमधलं अंतर पट्टी लावून मोजायचं नाही, नदीच्या वळणांमधून मोजायचं. क्यूजीआयएससारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये नदीची रेघ गिरवून हे करता येतं. गढवालात काम असेल तर संगम आधी नकाशावर मांडून घ्या: विष्णुप्रयागला धौलीगंगा, नंदप्रयागला नंदाकिनी, कर्णप्रयागला पिंडर, रुद्रप्रयागला मंदाकिनी, आणि देवप्रयागला अलकनंदा-भागीरथी. कुमाऊंचं पाणी वेगळ्या वाटेने जातं. गोरी जौलजीबीला कालीत पडते, सरयू पंचेश्वरला. हा पंचप्रयागांचा सांगाडा म्हणजे जनुकांच्या वाहतुकीचा रस्तेनकाशाच आहे.

मात्र इतिहास नकाशाला फसवतो. डोंगर उचलले जाताना एका नदीने दुसरीचा वरचा ओढा ‘पळवून’ नेल्याच्या घटना हिमालयात घडल्या आहेत. ओढ्याबरोबर मासेही गेले. त्यामुळे आज वेगळ्या खोऱ्यांत असलेले दोन थवे (थवा म्हणजे इथे आपसात प्रजनन करणाऱ्या माशांचा गट) अनपेक्षितपणे जवळचे निघाले, तर लगेच नळ्यांची अदलाबदल झाली असं समजू नका. अर्थात तीही शक्यता आधी तपासा.

दुसरी एक गोष्ट आराखड्यातच धरा. नद्यांच्या जाळ्यात विविधता साधारणपणे खाली जाताना वाढते. वरच्या ओढ्यांत थोडे मासे असतात, तिथे कधी एखाद्या मोसमात निम्मे कमी होतात. खालच्या टप्प्यात मात्र वरच्या सगळ्या ओढ्यांचं मिश्रण येऊन साचतं. म्हणून वरच्या ओढ्यात विविधता कमी दिसली की ‘इथले मासे संकटात’ असा निष्कर्ष काढू नका. तुलना करायची तर वरच्या ओढ्याची दुसऱ्या वरच्या ओढ्याशी करा.

परवानग्या

हा भाग कंटाळवाणा आहे, पण तो टाळलात तर सगळं वाया जाईल. राज्याच्या मत्स्यविभागाची लेखी परवानगी घ्या. नदी अभयारण्यातून किंवा राष्ट्रीय उद्यानातून जात असेल तर वनविभागाची वेगळी घ्या. आपल्या संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीची मंजुरी लागते आणि नंतर नियतकालिकं तिचा क्रमांक मागतात. नमुने किंवा काढलेला डीएनए परदेशी प्रयोगशाळेत पाठवायचा विचार असेल तर २००२च्या जैविक विविधता कायद्याखाली राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे जावं लागतं. शक्यतो काम देशातच करा. भीमतालला शीतजल मत्स्यसंशोधनाची आणि लखनौला माशांच्या आनुवंशिक संसाधनांची राष्ट्रीय संस्था आहे, तिथे या माशांवर वर्षानुवर्षं काम झालेलं आहे.

नदीवर

पावसाळा टाळा. त्या दिवसांत पाणी गढूळ असतं, रस्ते खचतात, आणि डोंगरातली नदी अर्ध्या तासात अंगावर येते. पाऊस ओसरून पाणी निवळल्यावरचे आणि उन्हाळ्याआधीचे आठवडे सोयीचे. विणीच्या हंगामात अंड्यांनी भरलेल्या माद्या जाळ्यात आल्या तर पराचा, म्हणजे माशाच्या पंखाचा, कण घेऊन तिथेच सोडून द्या.

पकडण्यासाठी स्थानिक मच्छीमाराचा हात आणि पाग हे सर्वांत चांगलं साधन आहे. कोणत्या डोहात मासा दुपारी असतो आणि कोणत्या खळाळात पहाटे, हे त्याला ठाऊक असतं. त्याला दिवसाचे पैसे द्या आणि नोंदवहीत त्याची मदत लिहा. त्याच्याकडून आणखी एक माहिती मिळते जी कुठल्याही अहवालात नसते: कुठल्या डोहात ब्लीचिंग पावडर टाकून किंवा सुरुंग लावून मासे मारले जातात. तिथले थोडेसे उरलेले मासे घेऊन तुम्ही त्या नदीची विविधता मोजलीत, तर ती नदीची नाही, त्या सुरुंगाची मोजणी होईल.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. एका डोहातून एका फेकीत आलेली वीस बोटुकली म्हणजे वीस नमुने नव्हेत. ती बहुधा दोन-तीन माद्यांची लेकरं असतात. सख्खी भावंडं एकत्र मोजली की तो थवा बाकीच्यांपेक्षा फार वेगळा असल्याचा आभास होतो. त्यामुळे शक्यतो प्रौढ मासे घ्या, आणि दोन-तीन किलोमीटरच्या पट्ट्यातल्या अनेक डोहांतून, अनेक दिवसांत घ्या. मायक्रोसॅटेलाइट (डीएनएत एकापुढे एक पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे) वापरणार असाल तर प्रत्येक ठिकाणी २५ ते ३० मासे हवेत. डीएनएतल्या हजारो जागांचं एसएनपी (एकेका अक्षराचा फरक) अनुक्रमण परवडणार असेल तर १०-१५ माशांतही चांगलं काम होतं, कारण तिथे बळ माशांच्या संख्येइतकंच जनुकीय जागांच्या संख्येतून येतं.

मासा मारायची गरज नाही. शेपटीच्या पराच्या टोकाचा नखाएवढा तुकडा पुरतो आणि पर पुन्हा वाढतो. मासा ओल्या हाताने धरा, पाण्याबाहेर कमीत कमी ठेवा. प्रत्येक माशानंतर कात्री अल्कोहोलने पुसून ज्योतीवर धरा, नाहीतर आधीच्या माशाचे कण पुढच्या नळीत जातात. प्रत्येक माशाचा मापपट्टीसह फोटो काढा, ओठांचा आणि पोटाकडचा वेगळा. या फोटोंचा उपयोग पुढे प्रजाती ठरवताना होतो. प्रत्येक ठिकाणचे एक-दोन मासे मात्र फॉर्मालिनमध्ये पूर्ण जतन करून संग्रहालयात जमा करावेत. पुढे कुणी नावावर शंका घेतली तर हात लावून बघण्यासारखा पुरावा लागतो.

तुकडा ९५ टक्क्यांहून तीव्र इथेनॉलमध्ये ठेवा. तुकड्याच्या निदान पाचपट, जमलं तर दहापट द्रव हवा. ओल्या पराचं पाणी इथेनॉल पातळ करतं, म्हणून दुसऱ्या दिवशी द्रव बदला. नळीवर बाहेरून मार्करने लिहिलेलं नाव इथेनॉलच्या एका थेंबाने पुसतं. माझ्या पहिल्या दौऱ्यात एका खोक्यातली एक नळी झिरपली आणि २२ नळ्या अनामिक झाल्या. दोन दिवसांची चढण आणि तितक्याच माशांना दिलेला त्रास फुकट गेला. तेव्हापासून जाड कागदाच्या चिठ्ठीवर शिसपेन्सिलीने क्रमांक लिहून ती चिठ्ठी नळीच्या आत टाकतो आणि बाहेरही लिहितो. पेन्सिलीचं शिसं इथेनॉलमध्ये विरघळत नाही.

परतीचा प्रवास काठगोदामहून रेल्वेने असो की डेहराडूनहून विमानाने, इथेनॉल ज्वलनशील आहे. बाटल्या सामानात लपवून नेऊ नका. त्यावर उपाय म्हणजे डीएमएसओ आणि मिठाचं द्रावण: २० टक्के डीएमएसओ, ०.२५ मोलर ईडीटीए, आणि विरघळेल तितकं मीठ. ईडीटीए पीएच ८ झाल्याशिवाय विरघळत नाही, त्यामुळे सोडियम हायड्रॉक्साइड हळूहळू घालत धीराने ढवळा. या द्रावणात पराचा तुकडा साध्या तापमानाला महिनोन्महिने टिकतो आणि त्याला आगीची भीती नाही.

आधी प्रजातीची खात्री

हिमालयात शायझोथोरॅक्सच्या अनेक प्रजाती आहेत आणि छोट्या वयात त्या सहज एकमेकींसारख्या दिसतात. असेला आणि शायझोथोरॅक्स प्लॅजिओस्टोमस यांच्या नावांचा घोळ तर जुन्या पुस्तकांपासून चालत आला आहे. गंगेच्या वरच्या टप्प्यात शायझोथोरॅक्स प्रोगॅस्टसही भेटतो, त्याचा चेहरा जास्त टोकदार असतो आणि ओठाची चकती असेल्यासारखी नसते. दोन प्रजाती एकाच ढिगात मोजल्या गेल्या तर तुमच्या आलेखात सुंदर दोन गट दिसतील आणि तुम्ही त्यांना दोन ‘थवे’ म्हणाल.

त्यामुळे प्रत्येक ठिकाणच्या काही माशांचा सीओआय या तंतुकणिकेतल्या जनुकाचा साधारण ६५० अक्षरांचा बारकोड, म्हणजे प्रजाती ओळखायचा तुकडा, आधी काढा आणि फोटोंशी ताडून बघा. तंतुकणिकेचा, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो. संकरित माशात तो फक्त आईची प्रजाती सांगेल, बापाची नाही. फोटो एक बोलत असेल आणि बारकोड दुसरं, तर त्या माशाकडे जास्त लक्ष द्या, तो संकर असू शकतो.

दुप्पट गुणसूत्रांची अडचण

या माशाची खरी परीक्षा इथे आहे, आणि इतर माशांसाठी लिहिलेली कृती जशीच्या तशी वापरणारे इथेच अडकतात. रोहूत ५० गुणसूत्रं असतात. असेल्यात ९८ नोंदली गेली आहेत, जवळजवळ दुप्पट. असेल्याच्या पूर्वजांत कधीतरी सगळा जनुकसंच दुप्पट झाला. आता त्यातला बराचसा भाग वेगळा होऊन दोन स्वतंत्र जागांसारखा वागतो, पण काही ठिकाणी दोन प्रती अजून इतक्या सारख्या आहेत की यंत्राला त्या एकच वाटतात.

मायक्रोसॅटेलाइटमध्ये हे लगेच कळतं: एका माशाच्या आलेखात दोनाऐवजी तीन-चार शिखरं येतात. अशी जागा सोडून द्या. चार-पाच हॅचरी कुटुंबं मिळाली तर आई, बाप आणि वीसेक पिल्लं तपासून बघा की आईचा एक आणि बापाचा एक असे दोनच अॅलील (एकाच जागेची वेगवेगळी रूपं) पिल्लात येतात का. ज्या जागा या चाचणीत उत्तीर्ण होतात त्याच पुढे घ्या.

एसएनपीमध्ये ही गोष्ट लपून राहते. दोन सारख्या प्रती एकावर एक रचल्या गेल्या की जवळजवळ प्रत्येक मासा त्या जागी विषमयुग्मी, म्हणजे दोन वेगळ्या अॅलीलांचा, दिसतो. म्हणून एसएनपी शोधणाऱ्या स्टॅक्ससारख्या प्रणालीतून निघालेल्या यादीतली निरीक्षित विषमयुग्मता ०.५-०.६च्या वर असलेली प्रत्येक जागा संशयित धरा. वाचनांची खोली (ती जागा यंत्राने किती वेळा वाचली) बाकीच्यांच्या दुप्पट असेल किंवा दोन अॅलीलांच्या वाचनांचं प्रमाण ५०-५०ऐवजी ७५-२५कडे झुकत असेल, तर ती जागा काढा. या गाळणीत तुमच्या जागांचा मोठा हिस्सा जाईल. जाऊ द्या. उरलेल्या कमी पण खऱ्या जागा जास्त बोलतात.

तंतुकणिकेचा डीएनए या घोळापासून मुक्त आहे. म्हणून बजेट छोटं असेल तर सायटोक्रोम-बी हा साधारण ११४० अक्षरांचा जनुक आणि तंतुकणिकेतलाच डी-लूप हा भाग इथून सुरुवात करणं शहाणपणाचं. फक्त ती आईची गोष्ट आहे हे शीर्षकापासून निष्कर्षापर्यंत विसरू नका.

प्रयोगशाळेत

प्रोटीनेज-के घालून रात्रभर ५५ अंशांवर तुकडा विरघळवा, मग फिनॉल-क्लोरोफॉर्म किंवा किट, जे हाताला सवयीचं असेल ते. २६० आणि २८० नॅनोमीटरच्या वाचनांचं गुणोत्तर १.८च्या आसपास आलं की प्रथिनं निघाली. तरी प्रत्येक नमुना अॅगरोजच्या जेलवर चालवा, कारण तुकडे तुकडे झालेला डीएनएही तो आकडा चांगलाच दाखवतो. एसएनपीसाठी न तुटलेला डीएनए लागतो, पीसीआरला, म्हणजे डीएनएच्या एका तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याला, तुटलेलाही काही प्रमाणात चालतो.

प्रत्येक पीसीआरच्या तुकडीत एक नळी डीएनएविना ठेवा. तिच्यात पट्टा आला तर ती सगळी तुकडी फेकून द्या, मन कितीही दुखलं तरी. दहा टक्के मासे दुसऱ्यांदा, क्रमांक झाकून तपासा. त्यातून तुमच्या चुकांचा दर कळतो आणि तो शोधनिबंधात लिहायचा असतो.

सायटोक्रोम-बीचा क्रम दोन्ही दिशांनी वाचा आणि प्रथिनांत भाषांतरित करून बघा. मधेच थांबासंकेत आला तर तो खोटी प्रत किंवा वाचनातली चूक असू शकते. पण आधी सॉफ्टवेअरमध्ये पृष्ठवंशीयांच्या मायटोकॉन्ड्रियाची संकेतसारणी निवडली आहे ना ते पहा. नेहमीच्या सारणीत टीजीए म्हणजे थांबा, या सारणीत तो ट्रिप्टोफॅन आहे. हा एक बटणाचा फरक न कळल्याने चांगले नमुने फेकून दिलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत.

आकडे वाचताना

पहिल्या दिवशी स्ट्रक्चर हे माशांना जनुकांवरून गटांत वाटणारं सॉफ्टवेअर चालवून रंगीत पट्ट्या बघण्याचा मोह होतो. थांबा. आधी प्रत्येक ठिकाणी, प्रत्येक जागी हार्डी-वाईनबर्ग समतोल तपासा, म्हणजे मुक्त प्रजननात अपेक्षित असते तितकीच विषमयुग्मता दिसते का ते बघा. विषमयुग्मता अपेक्षेपेक्षा कमी असेल तर तीन कारणं संभवतात: काही अॅलील पीसीआरमध्ये उमटतच नाहीत, किंवा तुम्ही नकळत दोन थवे एका नावाखाली मोजले आहेत, किंवा खरोखर नात्यात प्रजनन होत आहे. कमतरता एकाच जागी असेल तर पहिलं कारण, सगळ्या जागांवर असेल तर बाकीची दोन. विषमयुग्मता जास्त असेल तर वर सांगितलेली दुप्पट प्रत आठवा. हे सगळं निस्तरल्यावरच पुढे जा.

एफएसटी हा आकडा शून्य ते एकच्या दरम्यान थव्यांमधला फरक सांगतो. पुस्तकी सूत्रानुसार दर पिढीत सरासरी एक मासा इकडून तिकडे गेला तर तो ०.२च्या आसपास स्थिरावतो, पाच गेले तर ०.०५च्या खाली. हे आदर्श परिस्थितीचं गणित आहे, नदीला ते तंतोतंत लागू होत नाही, पण अंदाज बांधायला उपयोगी पडतं. मायक्रोसॅटेलाइटमध्ये खूप अॅलील असल्यामुळे एफएसटी मुळातच फार वर जाऊ शकत नाही, म्हणून त्याच्या जोडीला जोस्टचा डी हा फरक मोजणारा दुसरा आकडा द्या.

मग नदीच्या अंतराबरोबर फरक वाढतो का ते बघा. असेल्यासारख्या माशात तो वाढणं अपेक्षितच आहे. आणि असा चढता उतार असेल तर स्ट्रक्चर त्या उताराचेही तुकडे पाडून ‘गट’ दाखवतं, जे निसर्गात नसतात. गटांची संख्या ठरवायची डेल्टा-के पद्धत तर एकच गट आहे ही शक्यता तपासूच शकत नाही. तुमच्या आलेखातली सीमा एखाद्या संगमाशी, धबधब्याशी किंवा धरणाशी जुळते का, हे नकाशा समोर ठेवून तपासा. जुळत नसेल आणि दोन नमुन्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत पडत असेल, तर त्या रिकाम्या जागेतून आणखी मासे आणा.

वेगळ्या खोऱ्यांमध्ये अंतराचा आलेख काढण्यात अर्थ नाही, कारण तिथे जाण्याचा रस्ताच नाही. तिथे अमोव्हा वापरा: एकूण विविधतेचा किती हिस्सा खोऱ्यांमध्ये आहे, किती एका खोऱ्यातल्या नद्यांमध्ये, किती एकाच नदीतल्या माशांमध्ये.

धरणाचं गणित

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि त्याचं उत्तर सगळ्यात जास्त वेळा चुकीचं वापरलं जातं. टिहरीचं धरण २६०.५ मीटर उंच आहे आणि २००६ मध्ये कार्यान्वित झालं. वरचा आणि खालचा असेला तपासला, एफएसटी जवळजवळ शून्य आला. म्हणजे धरणाने काही बिघडलं नाही?

हिशेब करू. पिढी तीन-साडेतीन वर्षांची धरली तर वीस वर्षांत सहा पिढ्या. दोन्ही बाजूंना प्रजननात भाग घेणाऱ्या माशांची परिणामी संख्या, म्हणजे एनई, १००० असेल आणि एकही मासा इकडून तिकडे जात नसेल, तरी सहा पिढ्यांत एफएसटी फक्त ०.००३ होतो. तीस माशांच्या नमुन्यात तो दिसणारच नाही. एनई १०० असेल तर ०.०३, आणि ५० असेल तर सुमारे ०.०६. म्हणजे फरक दिसला नाही याचा अर्थ एवढाच असू शकतो की मासे अजून पुष्कळ आहेत आणि धरण अजून तरुण आहे. पूर्ण तुटलेली नदी आणि वाहती नदी पहिल्या वीस वर्षांत जनुकांना सारखीच दिसू शकते. ‘जनुकीय परिणाम आढळला नाही’ हे वाक्य या हिशेबाशिवाय लिहू नका, ते दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी प्रकल्प अहवालात ‘परिणाम नाही’ होऊन छापून येतं.

मग काय करायचं? एक, तंतुकणिकेचा डीएनए वापरा. त्याची परिणामी संख्या चौथाई असल्याने फरक साधारण चौपट वेगाने वाढतो. दोन, थव्यांऐवजी माणसांच्या वंशावळीसारखं एकेक मासा पहा: खाली पकडलेल्या पिल्लाचे आईबाप वर सापडतात का? हे एसएनपीवरून कळू शकतं आणि ते पिढ्यांचं नाही, आजचं चित्र देतं. तीन, दिशा लक्षात घ्या. पिल्लं पाण्याबरोबर खाली येऊ शकतात, प्रौढ मासा भिंत चढून वर जाऊ शकत नाही. म्हणून धोका मुख्यतः वरच्या थव्याला आहे आणि तिथे दर काही वर्षांनी पुन्हा नमुने घ्यायला हवेत.

एनई काढताना लिंकेज पद्धतीने (वेगवेगळ्या जागांचे अॅलील किती जोडीने दिसतात त्यावरून) ‘अनंत’ किंवा उणे उत्तर आलं तर खूप मासे आहेत असा अर्थ नाही. नमुना अपुरा आहे, इतकंच.

हॅचरीला काय सांगायचं

असेल्याची पिल्लं हॅचरीत तयार होतात आणि नद्यांत सोडली जातात. हेतू चांगला आहे. पण आपल्या घरचा एक अनुभव इथे सांगितलाच पाहिजे. लोणावळ्याजवळ वळवणला दख्खनी महासीरचं प्रजनन अनेक दशकांपासून यशस्वी होत आलं आहे, आणि एका माशाला वाचवण्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. पण तीच पिल्लं कावेरीतही गेली. कावेरीचा स्वतःचा कुबडा महासीर तिथे जवळजवळ संपला. त्याला टोर रेमादेवी हे बरोबर शास्त्रीय नाव मिळेपर्यंत २०१८ उजाडलं, आणि त्याच वर्षी तो ‘अतिसंकटग्रस्त’ यादीत गेला. नदीत आधी कोण राहतं हे विचारलं गेलं नव्हतं.

असेल्याबाबत ते विचारायची वेळ अजून आहे. तुमच्या अहवालात हॅचरीसाठी एक पान साध्या भाषेत लिहा. पिल्लं ज्या नदीत सोडायची, प्रजनक त्याच नदीतून, निदान त्याच खोऱ्यातून आणा. नर-माद्यांची संख्या शक्य तितकी सारखी ठेवा. ४५ माद्या आणि ५ नर वापरले तर मोजायला ५० मासे, पण परिणामी संख्या फक्त १८ येते. पाच नरांचं शुक्रद्रव एका भांड्यात एकत्र करून टाकलं तर त्यातला एखादाच जोमदार नर बहुतेक अंडी फळवतो आणि आकडा आणखी घसरतो. प्रत्येक मादीची अंडी वाटून वेगवेगळ्या नरांना द्या. प्रजनक दरवर्षी काही प्रमाणात बदला. एवढ्या चार गोष्टींना जास्तीचा पैसा फारसा लागत नाही.

उरलेला तुकडा

डीएनए क्रम जेनबँक या सार्वजनिक संग्रहात जमा करा, सोबत नदीचं नाव, उंची, अक्षांश-रेखांश आणि तारीख. फक्त ‘उत्तराखंड’ लिहिलेल्या क्रमाचा पुढच्या माणसाला उपयोग नाही.

पराचा सगळा तुकडा वापरून संपवू नका, निम्मा राखून ठेवा. जून २०१३ मध्ये केदारनाथच्या पुराने मंदाकिनीचं पात्रच बदललं. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी चमोलीत ऋषिगंगा-धौलीगंगेत चिखल आणि दगडांचा लोट आला. अशा पुरात असेल्याच्या किती वंशरेषा वाहून गेल्या, हे सांगायला पुराआधीचे मासे हातात लागतात. उरलेला तुकडा नव्या इथेनॉलमध्ये, आत पेन्सिलीची चिठ्ठी घालून, उणे २० अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवा. खोक्याची यादी मार्गदर्शकाकडे, विभागाच्या नोंदवहीत आणि स्वतःकडे अशी तीन ठिकाणी राहू द्या, म्हणजे तुम्ही तिथून गेल्यानंतरही तो तुकडा कुणाला तरी सापडेल.